भिंतीवरची मेंढरं

दर शनिवारी मी माझ्या वर्गाला एक कागद देते. रविवारी घरी काय काय करायचं, त्याचा. मराठीसाठी आजोबांना विचारून पाच जुने शब्द आणायचे. परिसर अभ्यासासाठी अंगणात काठी रोवून सकाळची आणि दुपारची सावली बघायची. इंग्रजीसाठी स्वयंपाकघरातल्या चार वस्तूंना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, कलेसाठी चुलीतल्या कोळशानं चित्र काढायचं. गणितालाही असतं काहीतरी: भाकरीचे सारखे भाग करा, दोरीनं दाराची उंची मापा, घड्याळ बघून आईला वेळ सांगा. आमच्या शाळेतले दुसरे शिक्षक वयानं माझ्याहून लहान आणि जिभेनं मोठे. एकदा कागद वाचून म्हणाले, "बाई, तुमच्या गणितात सगळं असतं, पण 'मोजा आणि लिहा' कधीच नसतं. मोजणीशी भांडण आहे का तुमचं?" मी म्हटलं, "वर्षभर वर माहित्या पाठवून मोजणीचा वीट आलाय." ते हसले. उत्तर खोटं होतं, पण कुठल्याही शिक्षकाला पटावं असं होतं.

परवा तो कागद लिहायला बसले आणि आभाळ भरून आलं. मार्गशीर्षातलं आभाळ. आमच्या घोडेगावाकडे या दिवसांत सकाळी धुकं असतं, दुपारचं ऊन अंगाला गोड लागतं, वाफ्यांत कांद्याची रोपं लावणाऱ्या बायका ओळीनं ओणव्या दिसतात. अशा दिवसांत पाऊस कुणालाच नको असतो. खिडकीतून गार, ओला वारा आत आला आणि मला भिजलेल्या लोकरीचा वास आला. शाळेच्या आसपास तेव्हा एक मेंढी नव्हती. तरी आला. मुलं समोर सावलीचं चित्र रंगवत होती आणि मी पेन हातात धरून नुसती बसून राहिले.

ज्या वर्षी साथीमुळे शाळा बंद होत्या, त्या वर्षी मी जुन्नर तालुक्यात होते. पिंपरी पेंढारच्या पलीकडे, एका वस्तीवरच्या छोट्या शाळेत. वरून सांगणं असायचं की मुलांना मोबाईलवर शिकवा. वस्तीवर मोबाईल असायचा तो बापाच्या खिशात, आणि बाप असायचा रानात. मग मी हा कागदाचा उद्योग काढला. घरच्या घरी करायचे उपक्रम, आठवड्याला एक पान, माझ्या अक्षरात, झेरॉक्स काढून. गठ्ठा दूध डेअरीत ठेवायचा. सकाळी दूध घालायला आलेला माणूस रिकाम्या किटलीबरोबर पोराचा कागद घरी न्यायचा. आठवड्यानं भरलेली वही त्याच वाटेनं माझ्याकडे परत यायची, कधी पानांवर दुधाचे डाग घेऊन, कधी गोठ्याचा वास घेऊन. उरलेल्या पोरांसाठी मी स्कूटीवरून वस्त्या पालथ्या घालायचे. तोंडाला मास्क, पर्समध्ये तांबडं पेन.

खरं सांगते, इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढी मजा कधी आली नव्हती. विज्ञानाला मूग भिजवून मोड कसे येतात ते बघायला सांगितलं, तर एका पोरानं लिहिलं, 'तिसऱ्या दिवशी मोड आले, चौथ्या दिवशी आईनं उसळ केली, प्रयोग संपला.' इंग्रजीची चिठ्ठी एका पोरीनं म्हशीलाही लावली आणि म्हशीनं ती खाल्ली. लेण्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मामाकडे गेलेला एक पठ्ठ्या देवळाच्या पायऱ्या मोजून आला. चढताना एक आकडा, उतरताना दुसरा. खाली त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'कोणता खरा ते गणपतीला म्हाईत.' आयांनी ओव्या सांगितल्या, आजोबांनी औतकाठीचे भाग सांगितले, एका नवरा-बायकोनं मिळून पोराला नकाशा काढून दिला आणि शाळा नेमकी कुठं यावरून भांडले. मला वाटायचं, भिंती पडल्या आणि सगळं गावच शाळेत आलं.

वह्यांचे फोटो मी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचे. पटापट अंगठे यायचे. साहेबांनी एकदा 'अनुकरणीय' असं लिहिलं. तो शब्द मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "झालं, आता बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागायचे नाहीत." मी त्याला उडवून लावलं. पण त्याचं म्हणणं खरं होतं आणि पुढं जे झालं त्यात या हवेचाही हात होता, हे मी आता लपवत नाही.

सोनाली तेव्हा तिसरीत होती. तिचं घर वस्तीच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे. धनगराचं घर. वस्तीवरच्या बहुतेक धनगरांनी मेंढरं मोडून कांदा-टोमॅटो धरला होता. सोनालीचा बाप भिवा आणि त्याचा थोरला भाऊ, या दोघांनी थोडी शेती आणि एकत्र मेंढरं, असं दोन्ही ठेवलं होतं. पावसाळा सरला की लोक त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावून न्यायचे, लेंडीखतासाठी. सोनालीचे आई-बाप त्या रानांत मुक्कामाला, आणि पोरगी घरी आजीजवळ.

आजीचं नाव ठकूबाई. उंच, वाळकी, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या मेंढीनं मान वर करावी. घरात तिचा एक मान होता. नवं कोकरू जन्मलं की त्याच्या कपाळाला पहिला भंडारा तिच्या हातचा. भिवाचा निरोप यायचा, आईला आणा. म्हातारी काठी टेकत रानात जायची, ओलं कोकरू मांडीवर घ्यायची, हळदीचं बोट लावायची आणि त्याच्या कानात काहीतरी सांगायची. काय सांगता हो, म्हणून शाळा बंद व्हायच्या आधी मी एकदा विचारलं. "त्याच्या आईचं नाव सांगते," ती म्हणाली. "चुकलं माकलं तर कुणाला हाक मारल ते?" मला ते इतकं आवडलं की मी ते मराठीच्या तासाला मुलांना सांगितलं होतं.

एका आठवड्याला गणिताचा उपक्रम होता: 'तुमच्या घरची जनावरे मोजा. त्यांचा चित्रालेख काढा. खाली आकडा लिहा. तक्ता भिंतीवर लावा.' साधा उपक्रम. कुणी दोन बैल काढले, कुणी एक शेळी आणि नऊ कोंबड्या. सोनालीची वही आली ती कोरी. पानावर एवढंच होतं: 'आजी नको म्हणती.' मी तांबड्या पेनानं खाली लिहिलं, 'असं चालत नाही. मोज आणि लिही.' दोन रेघा ओढल्या. आणि एवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी स्कूटी घेऊन तिच्या घरी गेले.

आजी अंगणात लोकर पिंजत बसली होती. मी विषय काढताच तिनं हात थांबवला. "मेंढरं मोजायची नसत्यात बाई, वळखायची असत्यात. आकडा लिवून भितीला लावला की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात भरतो. आमच्यात न्हाई करत."

"तुमच्या भिवाला माहीत नसतो का आकडा?"

"त्याच्या पोटात आसल. कागदावर कशापायी पायजे?"

मी हसले. मास्कच्या आतून हसले, तरी तिला ते कळलंच असणार. म्हटलं, "आजी, शिक्षण आहे हे. आकडा लिहिल्यानं मेंढरू मरत नसतं." सोनाली दारात उभी होती. एकदा आजीकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. आजी पुढं काही बोलली नाही. शिकलेल्या बाईपुढं आपलं काय चालणार, असं तिला वाटलं असावं, किंवा पाहुण्या माणसाशी दारात वाद नको. तिनं पुन्हा लोकर हातात घेतली आणि मी जिंकल्यासारखी स्कूटीला किक मारली.

आठ दिवसांनी सोनालीनं तक्ता केला. आईबापाकडे रानात गेली होती तेव्हा मेंढरांभोवती लावलेल्या जाळीशी उभी राहून तिनं ती सगळी मोजली. चित्रालेखात एका चित्राला दहा जनावरं धरायची असं मी वर्गाला शिकवलं होतं. तिनं तसं केलं नाही. तिनं एकेक मेंढरू काढलं. मोठ्या कागदावर ओळीच्या ओळी, आणि प्रत्येकाचं तोंड निराळं. एकीचा कान फाटका. एकीच्या डोळ्याभोवती काळं. एकीला शिंग नाही, एक लंगडी, एकीच्या पोटाशी कोकरू. खाली नावं: कानफाटी, भुरी, बोडकी, टिकली. आणि अगदी तळाला, चौकोनात, आकडा. मी त्या दारात उभी राहून भिंतीवरचा तो तक्ता बघितला आणि माझे डोळे भरून आले. इतकं सुंदर काम मी पोरांकडून कधी बघितलं नव्हतं. मी फोटो काढला. ग्रुपवर टाकला, स्टेटसला ठेवला. आकड्यासकट. संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या निम्म्या शिक्षकांनी भिवाची मेंढरं बघितली.

आजी त्या दिवशी तक्त्याकडे पाठ करून बसली होती, हे मला आता आठवतं. तेव्हा दिसलं होतं की नव्हतं, सांगता येत नाही.

मग ते आभाळ आलं. दोन दिवस नुसतं येऊन बसलं होतं, द्राक्षवाले फवाऱ्याची धावपळ करत होते. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पाऊस सुरू झाला. नळ सोडून ठेवल्यासारखा पडत राहिला आणि वर घाटाकडून सुटलेला वारा. मी घरात, दोन गोधड्या पांघरून, कांदाभजी खात होते. उघड्या रानात जाळीच्या आत उभी असलेली मेंढरं माझ्या मनातसुद्धा आली नाहीत. सकाळी डेअरीतून फोन आला, "बाई, भिवाकडं वंगाळ झालंय."

मी गेले. ते रान मला विसरता येत नाही. पाऊस थांबला होता, कोवळं ऊन पडलं होतं आणि चिखलात मेंढरं आडवी पडली होती. पांढरी लोकर मातकट झालेली, अंगाला चिकटलेली, त्यामुळं एरवी गुबगुबीत दिसणारी जनावरं एवढीएवढीशी झालेली. जी जगली होती ती एकमेकींना टेकून उभी होती, थरथरत, ओरडण्याचंही त्राण नसलेली. सोनालीची आई एका कोकराचं अंग लुगड्यानं खसाखसा पुसत होती. ते केव्हाच गेलं होतं. तिला कुणी थांबवत नव्हतं. आणि सगळ्यावर तो वास, ओल्या लोकरीचा, जड, कोमट. मी मास्क वर ओढला. तरी येतच राहिला.

पंचनाम्याला तलाठी आले होते, गुरांचे डॉक्टर आले होते. डॉक्टर भला माणूस. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गारठ्यानं गेलीत. अंग भिजलं आणि वर वारं. यात कुणाचा दोष नाही." तलाठ्यांनी विचारलं, "आधी एकूण किती होती?" भिवा गप्प. थोरला भाऊ गप्प. तेवढ्यात सोनाली हाकेच्या अंतरावरच्या घराकडे पळत गेली. तिला वाटलं असणार, हे तर आपल्याला येतं. परत आली तेव्हा तिच्या हातात भिंतीवरून काढलेला तक्ता होता, दोन्ही हातांनी वर धरलेला, चिखल लागू नये म्हणून.

थोरल्या भावानं तो बघितला. वरपासून खालपर्यंत. मग चौकोनातल्या आकड्यावर त्याची नजर थांबली. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ही मेंढरं कुणी मोजली?"

सोनालीनं माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांची पोर ती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती अजून, नुसता विश्वास होता, की बाई आता सांगतील. मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'मी लावलं मोजायला, पोरीचा काही दोष नाही.' बारा-पंधरा माणसं उभी होती, भावकी उभी होती, तलाठी होते. मला वाटलं, आपण इथं बोललो तर ही अडाणी समजूत आपणच मान्य केली असं होईल. असं वाटलं असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं कारण एवढंच की मी घाबरले. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"म्या मोजली." मागून आवाज आला. ठकूबाई काठी टेकत पुढं आली. "म्याच मोजली समदी. पोरीनं नुसती चित्रं काढली."

"आई, तू?" थोरला म्हणाला.

"म्हातारपणी बुद्धी फिरली माझी. काय म्हणायचं ते मला म्हणा."

कुणी काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच राहिली नाही. तलाठ्यांनी घाईनं तक्ता पुढं ओढला, आणि मग भिवा चिखलात फिरत एकेका मेंढीपाशी थांबून नाव सांगू लागला. "कानफाटी गेली. भुरी गेली. टिकली..." सोनाली तक्त्यावर तिचं तोंड शोधायची. तलाठी म्हणाले, फुली मार. तिनं फुली मारली नाही. प्रत्येकीच्या पायाशी एक बारीक ठिपका दिला. मी तिथंच उभी होते, पर्स धरून.

पुढं शाळा सुरू झाली. पहिल्या दिवसापासून सोनाली गणिताच्या वहीत आकडा लिहीना. गोष्ट वाचायची, कविता म्हणायची, नकाशा काढायची. बेरीज आली की पेन्सिल खाली. मी जवळ घेऊन विचारलं, तर मान खाली घालून गप्प. मला माझ्या पोटात कळत होतं, पण मी तिलाही ते वाक्य सांगितलं नाही. आणि एका सकाळी ती पळतच वर्गात आली. "बाई, माझ्यामुळं न्हाई झालं! आजी म्हणली, तू मोजायच्या आधीच म्या मोजली व्हती. तिची मोजणी आधीची!" आणि बसून तिनं फळ्यावरच्या सगळ्या बेरजा केल्या. बिनचूक केल्या. मला एवढं हायसं वाटलं की मी पोरांना त्या दिवशी खेळाचा तास जास्तीचा दिला. एका म्हातारीच्या अंगावर सगळं टाकून आम्ही दोघी, एक लहान आणि एक घोडी, मोकळ्या झालो होतो.

त्याची किंमत मला सोनालीच्याच बोलण्यातून कळत गेली. थोरल्या चुलत्यानं आजीला जाळीत पाऊल टाकू दिलं नाही. नवी कोकरं झाली तेव्हा रानातून निरोप आला नाही. भंडारा चुलतीनं लावला. "चुलती कानात काय बी सांगत न्हाई," सोनाली म्हणाली, "तिला म्हाईतच न्हाई सांगायचं असतंय ते." भावकीतल्या कार्याला बायका आजीला बोलवायच्या, पण ओटी भरायला पुढं करायच्या नाहीत. तिनं मोजली, तिनं मारली, हे कुणी तिच्या तोंडावर म्हणत नव्हतं. म्हणत असते तर बरं झालं असतं, निदान तिला भांडता आलं असतं.

एकदाच ती मला भेटली. एस.टी.च्या थांब्यावर, जुन्नरला डोळे दाखवायला निघालेली, एकटी. मी स्कूटी थांबवली. ओठांवर आलं होतं सगळं. ती म्हणाली, "पोरगी शिकती का न्हाई नीट?" म्हटलं, "शिकते आजी. गणितात पहिली आहे." "मंग झालं," ती म्हणाली आणि पदर सावरून गाडीची वाट बघू लागली. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले, मग वर्गाची वेळ झाली म्हणून निघाले. वर्गाला अजून अर्धा तास अवकाश होता.

त्यानंतर माझी बदली झाली, आंबेगाव तालुक्यात आले. आजी गेल्याचं कळलं ते दिवस उलटून गेल्यावर. मी रडले नाही. रात्रीचं जेवण केलं, वह्या तपासल्या. मग एका कुठल्यातरी गुरुवारी, परिपाठाला मुलांनी प्रार्थना सुरू केली आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. मुलांना वाटलं, बाईंना सर्दी झालीय.

मेंढरं पावसानं मेली. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. डॉक्टरांचं म्हणणं खरं, माझं विज्ञान खरं. पण त्या घरात दोष कुठंतरी ठेवावा लागणारच होता, आणि तो ठेवायला सगळ्यात सोयीची जागा मी होते. परकी, पगारी, उद्या बदली होऊन जाणारी. माझ्यावर ठेवला असता तर चार दिवस लोक मला बोलले असते आणि विसरले असते. मला त्यानं काहीही झालं नसतं. हे मी किती वेळा मनात मांडून बघितलं असेल, उत्तर बदलत नाही.

तर परवाचा तो शनिवार. पाऊस आला नाही, आभाळ नुसतं येऊन गेलं. पण मला झोप लागली नाही, आणि रविवारी सकाळी मी स्कूटी काढली. नवरा म्हणाला, "एवढ्या थंडीत कुठं?" म्हटलं, "राहिलेलं काम आहे." नारायणगाव ओलांडलं तेव्हा हात गारठून गेले होते. मनात वाक्य पक्कं केलं होतं. सोनाली आता आठवीत आहे, समजण्याजोगी झाली आहे. तिला सांगायचं, 'तुझ्या आजीनं मोजली नव्हती. मोजायला मी लावलं होतं. तिच्याबद्दल मनात राग ठेवू नकोस.' एवढंच.

वस्तीच्या अलीकडेच रानात मेंढरं बसलेली दिसली. पूर्वीच्या मानानं थोडीच. मोजली नाहीत. भिवा फाटकी जाळी विणत बसला होता, केस पांढरे झालेले. मला बघून उठला, घोंगडी झटकून बसायला दिली. सोनाली पालाजवळ चुलीवर चहा टाकतेय, म्हणाला. मी बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. "भिवाभाऊ, तुमच्या आईनं मेंढरं मोजली नव्हती. सोनालीनं मोजली, आणि तिला मी लावलं होतं."

त्याचे हात थांबले नाहीत. गाठ पुरी केली, दोरा दातानं तोडला. "म्हाईत हाय बाई. पयल्या दिशीच कळलं व्हतं. आमच्या म्हातारीला मोजता कुठं येत व्हतं? दोन्ही हातांची बोटं सपली की तिची गिनती सपली."

"मग तुम्ही भावाला का नाही सांगितलं? तिला जाळीत येऊ दिलं नाही..."

"म्या सांगणार व्हतो. तीच म्हणली, गप ऱ्हा. माझं काय ऱ्हायलंय, पोरीला अजून लई जगायचंय. तिच्या माथी हे नगं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "जाळीच्या भायेर बसून ऱ्हायची दिसभर. आन् म्या आत. माझ्या आईला म्या भायेर बसवली बाई, दोन वरसं." मग एकदम वर बघून म्हणाला, "तुमी पोरीला सांगाया आला असाल तर पाया पडतो. नगा सांगू. म्हातारीनं येवढं केलंय, त्ये वाया जाईल."

"सोनालीचं नाव मी घेणार नाही," मी म्हटलं. "माझंच सांगते."

"तुमचं सांगितलं तरी हात पोरीचाच व्हता ना मोजणारा? पोरगी हुशार हाय. धा मिन्टात समदं उमगल तिला."

तेवढ्यात सोनाली आली. दोन कप, बशीनं झाकलेले. उंच झाली आहे, आजीसारखीच. माझ्या पाया पडली, "बाई, किती वर्षांनी!" म्हणाली, गणितात किती मिळाले ते सांगितलं, दहावीनंतर कुठली शाखा घेऊ विचारलं. माझं लक्ष नव्हतं. मग ती बापाशेजारी टेकली आणि मेंढरांकडे बघत म्हणाली, "पूर्वी किती व्हती ना बाई. आजीनं तेवढं मोजली नसती तर..." थांबली. पायाजवळचं गवत उपटलं. "मी लई दिवस बोललेच न्हाई तिच्याशी. अगदी जायच्या आधी पन न्हाई. तिनं हाक मारली व्हती मला. मी ऐकू न आल्यासारखं केलं."

भिवानं जाळी पुन्हा मांडीवर ओढली. सोनाली माझ्याकडे बघत होती.

मी कप उचलला. "आलं छान घातलंयस गं चहात," मी म्हणाले.